सिव्हिल लाइन्सच्या ड्रॉइंग रूममध्ये नेमका कोणता लुई बसवू?

लकडगंजवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

नागपूरच्या लकडगंजात आमचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघतो. मागे आरा मशीन, बाजूला आरा मशीन, समोरही तेच. फोनवर गिऱ्हाईक काय म्हणून राहिलं ते अर्धं ऐकू येतं, अर्धं अंदाजानं समजून घ्यायचं. काम म्हणाल तर पलंग, दिवाण, देवघर, डायनिंग टेबल. लाकूड बहुतेक बल्लारशाच्या डेपोतलं सागवान.

गेल्या महिन्यात सिव्हिल लाइन्समधून ऑर्डर आली. आठ खुर्च्या अन् तीन सीटचा एक सोफा. घरची मुलगी पॅरिसला जाऊन आली, व्हर्सायचा महाल बघून आली, आणि आता आईला अख्खी ड्रॉइंग रूम 'फ्रेंच' पाहिजे. डेकोरेटरनं व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "लुई १४ स्टाइल, फुल गोल्ड, फ्रेंच पॉलिश, सागवानात."

फोटो मिस्त्रींना दाखवला. आमचे मिस्त्री सत्तरीचे, बाबांच्या वेळेपासूनचे. चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल हातभर लांब धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ही एक खुर्ची नाही रे, तीन खुर्च्या आहेत. पाठ एकीची, हात दुसरीचे, पुढचे पाय बकरीचे अन् मागचे टेबलाचे." वाकड्या, बाकदार पायाला ते बकरीचा पाय म्हणतात. असे पाय त्यांनी तरुणपणी एका जुन्या बंगल्यातल्या खुर्च्या दुरुस्त करताना पाहिले होते. तेवढ्यावर ते आजही बनवून देतील, मला खात्री आहे.

मग मी नेटवर बसलो, तर डोकंच फिरलं. लुई १४, लुई १५, लुई १६, फ्रान्सच्या या तीन राजांपैकी कोणाचंही नाव टाका, फिरून फिरून तीच सोनेरी खुर्ची समोर येते. वर्धा रोडच्या लॉनवर स्टेजवर नवरदेवाला बसवतात ना, तीच.

तर जाणकारांनी एवढं सांगावं. हे तीन लुई ओळखायचे कसे? सागवान यात चालतं का? सोनेरीही पाहिजे आणि फ्रेंच पॉलिशही पाहिजे, हे दोन्ही एका लाकडावर कसं बसवायचं? आणि शेवटचं, गिऱ्हाइकाला "तुमचा फोटोच चुकला आहे" असं सांगावं, की गुपचूप बनवून मोकळं व्हावं? डेकोरेटर आत्ताच दिल्लीच्या कीर्तीनगर फर्निचर बाजाराचे रेट सांगून राहिला आहे.

---

रेषा_धरमपेठ

भाऊ, तुमच्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. तीस वर्षं मुलांना फर्निचरचा इतिहास शिकवला, पण 'तीन खुर्च्या आहेत' इतकं नेमकं उत्तर एकाही पेपरात वाचलं नाही.

'बकरीचा पाय' हेही त्यांनी अगदी अचूक म्हटलं. त्या पायाला इंग्रजीत कॅब्रिओल म्हणतात, आणि तो शब्द बकरीच्या उडीवरून आला आहे. फ्रेंच लोक खुरासारख्या टोकाच्या पायाला हरिणीचा पाय म्हणतात, पिए द बिश. म्हणजे पॅरिसचा सुतार आणि लकडगंजचा सुतार, दोघांनाही लाकडात जनावरच दिसलं.

आता ओळखायचं कसं. चौदाव्या लुईची खुर्ची ही दरबारातली खुर्ची आहे. उंच, सरळ, ताठ पाठ, जाड पाय, आणि खाली पायांना पायांशी जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. तीत बसून कोणी पाय पसरत नाही. हा राजा १६४३ ते १७१५ गादीवर होता आणि व्हर्साय त्यानंच थाटलं. पण तुमच्या फोटोत त्याचं बहुधा काहीच नसेल. लोकांना नाव तेवढं चौदाव्याचं माहीत असतं आणि हवी असते पंधराव्याची खुर्ची.

पंधरावा लुई म्हणजे वळण. पायापासून निघालेली रेषा सीटच्या चौकटीत शिरते, तिथून हातात, हातातून पाठीत, आणि कुठेही तुटत नाही. खालच्या पट्ट्या गेल्या. कोरीव काम म्हणाल तर शिंपले, पानं, फुलं, तेही मोजकं आणि मुद्दाम डाव्या-उजव्या बाजूंना एकसारखं नसलेलं. हात सीटच्या पुढच्या कडेपासून जरा मागे सरकलेले असतात. कारण त्या काळच्या बायकांचे घागरे आतून सांगाडा लावून फुगवलेले, हात पुढे असते तर बसताच आलं नसतं. आपल्याकडे नऊवारीसाठी कोणी खुर्ची बदलली नाही, असो.

सोळावा लुई पुन्हा सरळ. १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पॉम्पेई इथं खोदकाम सुरू झालं, प्राचीन रोमन घरं मातीतून वर आली, आणि हळूहळू पॅरिसला जुन्या रोमचं वेड लागलं. पाय सरळ, खाली निमुळते, त्यावर उभ्या पन्हळी. सगळ्यांत सोपी खूण म्हणजे पाय आणि सीटची चौकट जिथं मिळतात तिथला छोटा चौकोनी ठोकळा आणि त्यावर कोरलेलं फूल. तो ठोकळा दिसला की समजा सोळावा. राजा मात्र १७७४ मध्ये गादीवर आला. त्याच्या नावाची खुर्ची त्याच्याआधीच चालू झाली होती.

फोटोत पुढचे पाय बाकदार आणि मागचे सरळ असतील तर तो लुई कोणताच नाही, चिवडा आहे.

लाकडाचं म्हणाल तर पॅरिसमध्ये अशा खुर्च्या मुख्यतः बीच आणि अक्रोडाच्या होत. सोन्याचा मुलामा किंवा रंग द्यायचा असेल तर बीच, लाकूड दाखवायचं असेल तर अक्रोड. तुम्ही सागवान घेऊन त्यावर सोनं चढवणार म्हणजे पैठणी नेसून वर रेनकोट घालण्यासारखं आहे. सागवान वापरायचं तर ते दिसू द्या.

आणि एकदा हैदराबादला जाऊन या. सालारजंग संग्रहालयात फ्रेंच फर्निचर चांगलं आहे. शुक्रवारी बंद असतं, तेवढं सांभाळा. मिस्त्रींना सोबत न्या. फोटो काढू नका असं म्हणत नाही, पण आधी त्यांना खुर्चीभोवती एक चक्कर मारू द्या. वळण फोटोत सपाट होतं.

---

मिहानचा_पोट्टा

हैदराबादला काऊन जाता? आपल्या विमानतळाजवळच्या मिहानमध्ये दसो या फ्रेंच कंपनीच्या फाल्कन २००० विमानाचे भाग जोडतात. त्यापेक्षा फ्रेंच लक्झरी नागपुरात दुसरी कोणती आहे सांगा. खुर्चीची ऑर्डर त्यांनाच देऊन टाका, उडत घरपोच येईल.

(मजाक होता. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून राहिलो आहे.)

---

स्पिरिट_चपडा

पॉलिशचा धंदा चाळीस वर्षं केला, आता हात थरथरतात म्हणून सोडला. म्हणून लिहितो.

भाऊ, सोनेरी आणि फ्रेंच पॉलिश हे एकत्र मागणाऱ्यानं दोन्हींपैकी एकही पाहिलेलं नाही. जुन्या पद्धतीनं सोनं चढवताना लाकडावर आधी खडू आणि सरसाचे थर देतात, मग गेरूसारखी लाल माती, मग वर्ख. लाकूड पूर्ण झाकलं जातं. आणि फ्रेंच पॉलिश करतात ते लाकडाचे रेषे आरशासारखे दिसावेत म्हणून. एक झाकतं, एक उघडतं.

दुसरं म्हणजे, या लुई लोकांच्या खुर्च्यांवर फ्रेंच पॉलिश नव्हतंच. ते चलन एकोणिसाव्या शतकात आलं. त्याआधी मेण, रंग, वर्ख किंवा साधं वार्निश.

आणि या फ्रेंच पॉलिशमध्ये फ्रेंच काय आहे? हाताची रीत. माल आपला आहे, चपडा. चपडा म्हणजे लाख, आणि लाख होते पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून. आपल्या विदर्भात होळीच्या सुमारास जंगल लाल करणारा तोच पळस. झारखंड, छत्तीसगड या पट्ट्यात लाख सर्वांत जास्त निघते. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. फांदीवरची लाख खरवडायची, धुवायची, वितळवून पातळ पापडासारखी ताणायची, तो पापड मोडला की चपडा. तो स्पिरिटमध्ये भिजवायचा. मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून पोटली करायची, तिला तेलाचा थेंब लावायचा, आणि गोल गोल, मग आठच्या आकड्यासारखं फिरवत राहायचं. थर इतका पातळ की दिसत नाही. असे कितीतरी थर, मध्ये वाळू द्यायचं, पुन्हा. पोटली एका जागी थांबली की डाग पडलाच. माझे उस्ताद म्हणत, हात विमानासारखा उतरला पाहिजे आणि विमानासारखाच उठला पाहिजे.

नागपूरचं सांगतो. पावसाळ्यात हे काम घेऊ नका. हवेतला ओलावा थरात अडकतो आणि पॉलिश पांढुरकं पडतं. उन्हाळ्यात काम छान सुकतं, पण गिऱ्हाइकाच्या घरी खुर्ची कूलरपुढे ठेवली की वर्षभराची मेहनत दोन महिन्यांत खलास. लाकूड एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसतं, कूलरच्या ओल्या वाऱ्यानं फुगतं. गरम कप ठेवला तर गोल डाग, दारू सांडली तर थर विरघळतोच, कारण तो स्पिरिटमध्येच बनला आहे. हे सगळं आधी लिहून द्या. चपडा ताजा घ्या, जुना नीट वाळत नाही, चिकट राहतो.

---

लकडगंजवाला

काका, 'एक झाकतं, एक उघडतं' हे वाक्य मी तसंच उचलून डेकोरेटरला पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

रेषाताई, तुमचं उत्तर मिस्त्रींना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारचा आरा मध्येच सुरू झाला म्हणून 'पंधरावा लुई' तीन वेळा ओरडून सांगावा लागला. पलीकडच्या दुकानदाराला वाटलं पंधरावी ऑर्डर आली. मिस्त्रींना बकरीचं ऐकून फार बरं वाटलं. रेषा तुटत नाही यावर मात्र ते विचारात पडले. म्हणाले, तसं करायचं तर पाय तीन इंची चौरसातून काढावा लागेल, अर्ध्याहून जास्त लाकूड भुशात जाईल, आणि घोट्यापाशी रेषे आडवे पडले तर पाय तिथंच मोडेल. सागवान घनफुटानं विकत घेणाऱ्याला हे ऐकून घाम फुटतो. आम्ही एक नमुन्याचा पाय सागवानाच्या जुन्या चौकटीतून काढला आहे. अजून उभा आहे.

एक विचारतो. त्या काळी एवढी मेहनत करणाऱ्या सुताराला पॅरिसमध्ये मिळायचं काय? नाव तर सगळं राजाचं.

---

रेषा_धरमपेठ

भाऊ, नाव मिळायचं, आणि तेही ठोकून.

पॅरिसच्या सुतारांची संघटना होती. तिच्या १७४३ च्या नियमांनी, जे १७५१ मध्ये नोंदले गेले, उस्ताद सुतारानं आपल्या नावाचा ठसा फर्निचरवर ठोकणं सक्तीचं केलं. खुर्ची उलटी केली की सीटच्या चौकटीखाली त्या लोखंडी ठशाची खूण दिसते. झॉर्झ झाकोब नावाचा मोठा कारागीर होता, त्याच्या ठशामुळे त्याच्या खुर्च्या आजही ओळखता येतात. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९१ ला, या संघटना मोडल्या आणि सक्तीही गेली.

पण थांबा. एका खुर्चीला चार हात लागत. चौकट करणारा सुतार, नक्षी कोरणारा, सोनं चढवणारा आणि गादी भरणारा. चौघांचे धंदे वेगळे, आणि ठसा फक्त पहिल्याचा. गिऱ्हाइकाला गाठून सगळा सौदा बरेचदा गादीवाला करायचा.

हे सगळं आपोआप झालं असंही नाही. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानं ठरवून धंदे उभे केले. परदेशातून महागडी चैन विकत घ्यायची तर पैसा बाहेर जातो, म्हणून ती घरीच बनवायची. १६६२ मध्ये भिंतीवर लावायची विणलेली चित्रं करणारी गोबेलँची कार्यशाळा राजाच्या ताब्यात आली. १६६५ मध्ये आरशांचा कारखाना काढला, त्यासाठी व्हेनिसजवळच्या मुरानोचे कारागीर फोडून आणले. व्हर्सायच्या आरसेमहालात १७ कमानींत ३५७ आरसे आहेत, ते या कारखान्याची जाहिरातच म्हणा ना. तुमच्या गिऱ्हाइकाच्या मुलीनं सेल्फी काढला असेल तो तिथेच.

आणि सीटच्या कापडाचं काय ठरलंय? पांढऱ्यावर निळ्या नाहीतर लाल एकरंगी चित्रांचं कापड, मेंढपाळ, झाडं, झोपाळे, असं काही दाखवलं तर ते त्वाल द झुई. त्याचं मूळ आपल्याकडे आहे. भारतातून जाणारी चिटं, म्हणजे छापील सुती कापडं, फ्रान्समध्ये एवढी खपायला लागली की तिथले रेशीम आणि लोकरवाले ओरडले. १६८६ मध्ये बंदी आली, ती १७५९ पर्यंत टिकली. बायका चोरून नेसतच होत्या. बंदी उठल्यावर लगेच, १७६० मध्ये, ओबेरकाम्फनं झुई गावात छपाई सुरू केली. त्या कापडाला तिकडे शब्दच 'अँदियेन' होता, म्हणजे भारतीय.

---

माहेर_इंदूर

मी नागपूरची सून, माहेर इंदूरचं. या सगळ्या लुईपुराणात एक मराठी राजा राहून गेला म्हणून लिहिते.

इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग महाल सजवला. आर्किटेक्ट जर्मन, एकार्ट मुथेसियस. पण सामान पाहाल तर त्या वेळचं अर्धं पॅरिस. रुहलमानचं फर्निचर, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियां यांची लांब पहुडायची खुर्ची, प्युइफोर्काची चांदी, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे. एकही सोनेरी पान नाही. पोलादी नळ्या, काच, साधे रंग. म्हणजे पॅरिसला जाऊन महाराजांनी दीडशे वर्षांपूर्वीचं नाही, त्या वर्षीचं मागितलं. त्यांचं एक चित्र बुते द मोंव्हेलनं पाश्चात्त्य पोशाखात काढलं आणि दुसरं मराठी पोशाखात. दोन्हींत माणूस तितकाच ऐटबाज.

पुढे १९८० मध्ये त्यातलं बरंचसं सामान मोनॅकोच्या लिलावात विकलं गेलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्यावर प्रदर्शन भरलं. महालात आता कर खात्याची कचेरी आहे. लहानपणी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले, आत काय होतं ते लग्न होऊन नागपूरला आल्यावर कळलं.

तेव्हा भाऊ, गिऱ्हाइकाला फ्रेंचच हवं असेल तर त्यांना माणिकबागचे फोटो दाखवून बघा. सागवानात साधी, नीट मापाची खुर्ची.

---

लकडगंजवाला

ताई, दाखवले. काकू म्हणाल्या, "हे तर दवाखान्यासारखं दिसतं." महाराजांची माफी मागून पुढे गेलो.

पण काम ठरलं. डेकोरेटरला बाजूला ठेवून काकूंना वर्कशॉपवरच बोलावलं. आधी नको म्हणाल्या, भुशाची ॲलर्जी. मग नाकाला ओढणी लावून आल्या. मिस्त्रींनी नमुन्याचा पाय हातात दिला, त्या त्यावरून बोट फिरवत राहिल्या. मुलगी म्हणाली, "मम्मी, तिथे पण असंच होतं, पण दोरी बांधली होती, हात लावू देत नव्हते." त्यानंतर सोन्याचा विषय अर्धा झाला. आठ खुर्च्या पंधराव्या लुईच्या, सागवान दिसेल असं, चपडा पॉलिश, कोरीव काम फक्त पाठीच्या वर एक शिंपला. सोफा मात्र सोनेरीच पाहिजे, कारण दिवाळीत माहेरचे येणार आहेत. त्याच्यासाठी सागवान वाया घालवणार नाही, दुसरं साधं लाकूड घेऊ. काकांनी त्यांच्या एका शिष्याला पाठवायचं कबूल केलं आहे. पावसाळा संपेपर्यंत पॉलिश नाही, हे काकूंकडून सही करून घेतलं. कूलरचंही लिहिलं.

ठशाचं डोक्यातून जाईना. इतवारीतून मिस्त्रींच्या नावाचा लोखंडी ठसा करून आणला. त्यांनी उलट्या खुर्चीवर तो धरला आणि हातोडी मारायच्या आधी विचारलं, "अन् नक्षी कोरणाऱ्याचं?" आमचा कोरणारा सहारनपूरचा, आठ वर्षांपासून आमच्याकडे, ईदला गावी जातो. रेषाताईंनी सांगितलेलं मी त्याला सांगितलं, की तिकडेही कोरणाऱ्याचं नाव नव्हतं, पण तुझं टाकू.

तो शिंपल्यातला भुसा फुंकत होता. म्हणाला, "नाम रहने दो भैया, नीचे कौन देखेगा. रोजी पचास बढ़ा दो."

वाढवली. नावही टाकलं.